कृपया प्रसिद्धीसाठी

मराठीच्या प्राध्यापकाचा समाजाला उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर ठाणे-कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात केव्हाच ठरून गेले आहे. त्याने मानपत्रे लिहावीत, सूत्रसंचालन करावे, सोसायटीच्या गणपतीची अहवालपुस्तिका तपासून द्यावी, कुणी गेले तर शोकसभेच्या ठरावाचा मसुदा करून द्यावा. आणि परिसरातल्या एखाद्या सेवाभावी संस्थेशी त्याचा संबंध आलाच, तर तिच्या प्रेस नोटा लिहाव्यात. यांतले शेवटचे काम मी गेली वीसएक वर्षे करत आले आहे. एम.ए.ला असताना शैलीविचारावर जे काही वाचले त्याचा सर्वांत नियमित उपयोग मला या प्रेस नोटांसाठी झाला, हे विद्यार्थ्यांना सांगण्याचे धैर्य अजून झालेले नाही.

ज्या संस्थेसाठी मी हे काम करते तिचे नाव इथे देत नाही. दिले तर हा लेखही एक प्रेस नोटच व्हायचा. तिची सुरुवात २६ जुलै २००५ च्या पावसात झाली. त्या दिवशी मुंबईत मिठी नदी सर्वांना माहीत झाली, तशी आमच्याकडे वालधुनी. कल्याणच्या सखल वस्त्यांत तिचे पाणी शिरले, आणि ओसरल्यावर घराघरांतून जो चिखल बाहेर काढला गेला त्यात वह्या-पुस्तकांचा लगदाही होता. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि डोंबिवलीहून कल्याणला लोकलने जात होते. आम्ही दहा-बारा जणांनी पुस्तके गोळा केली, वाटली, आणि वाटता वाटता लक्षात आले की या मुलांकडे पुस्तके ठेवायला जशी कोरडी जागा नाही तशी ती उघडून बसायलाही नाही. त्यातून कल्याण पूर्वेला भाड्याच्या दोन खोल्यांत अभ्यासिका सुरू झाली. संध्याकाळी सहा ते दहा. बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांत रात्रभर. खर्च म्हणजे भाडे, वीज, दोन शिक्षकांचे मानधन आणि पिण्याच्या पाण्याचा एक ड्रम. पण एवढ्या खर्चासाठीसुद्धा दरवर्षी देणगीदार शोधावे लागतात, आणि देणगीदार वर्तमानपत्र वाचतो.

प्रेस नोट हा वाङ्मयप्रकार म्हणून कुणी अभ्यासलेला नाही, ही खरे तर नवलाची गोष्ट आहे. त्याचे संकेत ओवी-अभंगाइतके पक्के आहेत. आरंभी 'प्रति, मा. संपादक'. मग 'आपल्या लोकप्रिय दैनिकात खालील वृत्तास प्रसिद्धी द्यावी ही नम्र विनंती'. हे एकच वाक्य एकाच दिवशी सहा लोकप्रिय दैनिकांना जाते. मग कार्यक्रम 'उत्साहात संपन्न' होतो. तो उदास वातावरणात पार पडल्याची प्रेस नोट मी आजवर पाहिलेली नाही. 'मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन' झाल्यावर मान्यवरांची नावे येतात, पदांसह, मानाच्या उतरत्या क्रमाने. हा क्रम चुकला तर पुढच्या वर्षी हॉल फुकट मिळत नाही. आणि अगदी शेवटी, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते येतात : 'गरजू व होतकरू विद्यार्थ्यांना शालेय साहित्याचे वाटप करण्यात आले.' कर्मणी प्रयोग आणि चतुर्थी विभक्ती. त्यांना नावे नाहीत. मी अशा नोटा पहिली चार-पाच वर्षे लिहिल्या. कधी फॅक्सने पाठवल्या, कधी श्रीलिपीत टाइप करून ईमेलने. तो मजकूर समोरच्या संगणकावर कसल्याशा अगम्य लिपीत उघडे, आणि मग मला तो फोनवर शब्दशः सांगावा लागे. आता त्या बातमीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातात. मजकूर फारसा बदललेला नाही.

या नोटा बहुधा छापून येत नसत. आल्याच तर 'थोडक्यात'च्या चौकटीत, पाणीपुरवठा बंद राहणार असल्याच्या बातमीखाली. कल्याणचे काम पाहणारे एक वयस्क बातमीदार होते. शहाडपासून दिव्यापर्यंतची हद्द, दुचाकी, आणि मोबदला छापून आलेल्या मजकुराच्या हिशेबाने. त्यांनी मला एकदा स्टेशनबाहेर चहा पाजला आणि माझी नोट काढून समोर ठेवली. "मॅडम, तुमच्या वाक्यात क्रियापद यायला तिसरी ओळ उजाडते. तोवर आमचा उपसंपादक जेवायला जातो." मग त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात असते, पण मला ते नवे होते. कार्यक्रम झाला ही बातमी नव्हे. कार्यक्रमामुळे काय बदलले ती बातमी. ती दुपारी बाराच्या आत पोहोचवा, कारण तीनला पान भरायला लागते. आदल्या दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवशी 'आली का' म्हणून करू नका. फोटोत पंधरा पाहुणे नकोत, एक मूल हवे, आणि ते कॅमेऱ्याकडे पाहत नसावे. पाकिटे-भेटवस्तू देऊ नका. ज्याला दिली त्याला राग येतो आणि ज्याला दिली नाहीत त्यालाही. शेवटी म्हणाले, "आणि माणूस द्या. संस्था कोण वाचतं? एक माणूस द्या, मी तीन कॉलम देतो."

या सल्ल्यात दैवाला किती जागा आहे हे त्यांनी सांगितले नव्हते. ते पुढे कळले. २०१९ च्या जुलैत अभ्यासिकेच्या चौदाव्या वर्षाची नोट मी सर्व नियम पाळून लिहिली आणि शुक्रवारी पाठवली. शनिवारी, २७ जुलैला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी, नौदल, बोटी, हेलिकॉप्टर. जिल्ह्यातला एकूण एक बातमीदार तिकडे. आमच्या नोटेचे काय झाले हे विचारण्याचीही लाज वाटली. ज्या पुराने आम्हाला जन्म दिला त्याच्याच धाकट्या भावाने आमची बातमी बुडवली, असा विनोद आम्ही आपापसात केला, एवढेच.

पण मला सांगायचे आहे ते त्याआधीचे. दहाएक वर्षांपूर्वीच्या एका जूनमधले.

दहावीच्या निकालाच्या आठवड्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर एक विशिष्ट जातीची बातमी उगवते. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मिळवलेले गुण. धुणीभांडी करणाऱ्या आईची, रिक्षावाल्या बापाची, चहाच्या टपरीवरची मुले. ही बातमी खोटी नसते. तिला वाचक असतो, आणि तो चेकबुक काढणारा वाचक असतो. त्या वर्षी आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीला फार चांगले गुण मिळाले. मला 'माणूस' सापडला होता. मी बसले आणि लिहिले. बाराच्या आत पोहोचेल असे, क्रियापद पहिल्या ओळीत येईल असे. आईचे चार घरचे काम लिहिले, दहा बाय दहाची खोली लिहिली, आणि वडिलांचे दारूचे व्यसन लिहिले. वडिलांविषयीचे वाक्य मला स्वतःला फार आवडले होते. त्यात एक अनुप्रास होता.

ते वाक्य इथे उद्धृत करत नाही. हा लेख मी आधी तिला पाठवला होता. तिने दोन गोष्टी काढायला सांगितल्या, एक ते वाक्य आणि दुसरी तिच्या गुणांची टक्केवारी. दोन्ही काढल्या आहेत.

बातमी तीन कॉलमी आली, फोटोसह. माझे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे, आणि त्यातलेच दोन शब्द मथळ्यात. दोन दिवसांत चाळीसच्या वर फोन आले. डोंबिवलीतले एक निवृत्त बँक अधिकारी, ठाण्याच्या एका सोसायटीचा महिला गट, पुण्याहून कुणी, दुबईहून कुणी. अभ्यासिकेचे वर्षभराचे भाडे जमले आणि दोन पंखे आले. मुलीच्या अकरावी-बारावीच्या फीचीही सोय झाली. आमच्या मासिक बैठकीत माझे अभिनंदन करण्यात आले. (हाही कर्मणी प्रयोगच.)

जुलैत ती आली. इतर मुले जाईपर्यंत थांबली. नव्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एका शिक्षकांनी तिचे कात्रण वर्गात वाचून दाखवले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेतू चांगलाच असणार; मीही त्यांच्या जागी कदाचित तेच केले असते. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. मग तिने विचारले, "मॅडम, बाबांचं ते पेपरवाल्यांनी टाकलं, की तुम्ही लिहिलं होतं?"

पेपरवाल्यांनी, असे म्हणून सुटता आले असते. तसे म्हणण्याचा मोह झाला नाही असे नाही. मी लिहिले होते, असे सांगितले.

"त्यांना वाचता येतं, मॅडम."

मग थोड्या वेळाने : "सकाळी तेच स्टेशनवरून पेपर घेऊन आले होते. चार घेतले होते."

तिचे वडील निरक्षर आहेत असे मी कुठेही लिहिले नव्हते; पण लिहिताना त्यांना वाचक म्हणून मी एकदाही डोळ्यांसमोर आणले नव्हते. साहित्याच्या वर्गात आपण 'अभिप्रेत वाचक' ही संज्ञा शिकवतो. माझा अभिप्रेत वाचक टिळकनगरात किंवा नौपाड्यात राहत होता, सकाळचा चहा घेत होता आणि त्याच्याकडे चेकबुक होते. जो माणूस पहाटे स्टेशनवर जाऊन आपल्या मुलीचे नाव छापून आलेले चार अंक विकत घेतो, तो माझ्या वाचकांत नव्हता. तो माझा मजकूर होता.

ती नंतर अभ्यासिकेत आली नाही. शिकली, नोकरीला लागली. मधल्या काळात ठाकुर्ली स्टेशनच्या पुलावर एकदा भेटली, तेव्हा बोलली, हसली. वडील गेले, असे म्हणाली. मी अधिक विचारले नाही.

पहिल्या प्रकारच्या प्रेस नोटेत पाहुण्यांना नावे असतात आणि मुलांना नसतात, याचा मला पूर्वी राग येई. बातमीदार काकांनी सांगितल्यावर मी मुलांना नाव दिले, आणि आपण काहीतरी पुरोगामी केले असे मानले. पण ते नाव देताना मी काय घेतले? पहिल्या प्रकारात मुलगी अदृश्य होती. दुसऱ्यात ती एकटीच दिसत होती, आणि संस्था, देणगीदार, लेखिका असे आम्ही सगळे सोयीस्करपणे अंधारात उभे होतो. भाडे आमचे भागले. त्याची किंमत तिच्या घराने दिली.

त्याच सत्रात मला मुक्ता साळवे शिकवायची होती. हा योगायोग कथेत आला असता तर मी विद्यार्थ्यांच्या कथेवर 'कृत्रिम' असा शेरा मारला असता. पण अभ्यासक्रमाचे वेळापत्रक तसे होते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला, हे आपण सगळेच सांगतो. दलित स्त्रीचे पहिले आधुनिक लेखन म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. त्या वर्षी मला तो निबंध वेगळ्या कारणाने अडकून बसला. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर हीसुद्धा एका लोकवर्गणीवर चालणाऱ्या शाळेला मिळालेली प्रसिद्धी होती. शाळेचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना दाखवायला याहून मोठा पुरावा कोणता? पण या प्रसिद्धीत मुक्ताविषयी कुणी लिहिलेले नाही. मुक्ताने लिहिले आहे. तिचे दारिद्र्य वाचून वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावे अशी तिची मागणी नाही. तिची बाळंतीण उघड्यावर असते आणि त्याचा जाब ती धर्म सांगणाऱ्यांना आणि राज्य केलेल्यांना विचारते. दुःख तेच, पण ते सांगणारी फिर्यादी आहे, फिर्यादीतला मुद्देमाल नव्हे.

आणि त्याच जोतीरावांचे दुसरे उदाहरण अगदी उलट टोकाचे. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा त्याच्या जाहिराती पुण्यात लावल्या होत्या, असे चरित्रकार सांगतात. फसलेल्या विधवांनी इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, असा त्या जाहिरातींचा आशय. मी हे अनेकदा वाचले होते; पण संस्थेची प्रसिद्धी या दृष्टीने त्याकडे कधी पाहिले नव्हते. संस्था भिंतीवर उघड, पत्त्यासह. आणि तिच्यात येणारी बाई पूर्णपणे झाकलेली. तिथे येऊन गेलेल्या एखाद्या विधवेची 'प्रेरणादायी कहाणी' त्यांनी छापली असती तर वर्गणी कदाचित वाढली असती. पुढची बाई मात्र आली नसती.

या ठिकाणी कुणी 'बलुतं'ची आठवण देईल, आणि ती द्यायलाच हवी. १९७८ साली दया पवारांनी आपल्या माणसांचे जे उघड्यावर मांडले त्याने त्यांचे स्वतःचे लोकही अस्वस्थ झाले होते. घरची लक्तरे वेशीवर टांगली असा आरोप झाला. म्हणजे स्वतः लिहिले की प्रश्न मिटतो असे नाही. आईचे, बहिणीचे, बापाचे आयुष्य आपल्या लेखणीत येतेच. पण पवारांनी त्या टांगण्यात स्वतःलाही टांगले होते. माझ्या प्रेस नोटेत माझ्या घरातले काही नव्हते.

बातमीदारांना दोष देऊन हा लेख संपवणे सोपे होते आणि वाचकांनाही ते आवडले असते. पण ते खरे नाही. बातमीशिवाय इथली यंत्रणा हलत नाही, हे ठाणे जिल्ह्याने पाहिले आहे. १९९२ साली जव्हारकडच्या वावर-वांगणीत (हे वांगणी निराळे, रेल्वेचे नव्हे) कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातम्या छापून आल्या, तेव्हा कुठे मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्या त्या घाटाने वर चढल्या. तो भाग तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे, आणि तिथल्या मुलांच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात. तिथे 'नावे छापू नका' असे म्हणत बसणे म्हणजे मरण झाकण्यासारखे झाले असते.

आणि बातमी लिहिणारा माणूस बातमीत शिरतो तेव्हा काय घडते याचे उदाहरणही आपल्याच भाषेत आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती सुनीताबाई आणि पु. ल. देशपांडे यांनी वाचली, आणि त्या दोघांच्या देणगीच्या पाठबळावर १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. डॉ. अनिता अवचट तिथे काम करू लागल्या, आणि अनिल अवचटही; पुढची अनेक वर्षे. लेखाला देणगी मिळाली हा यातला लहान भाग. ज्याने लिहिले तो लिहून घरी गेला नाही, हा मोठा. आपल्या बहुतेक बातम्यांत बातमीदार दुसऱ्या दिवशी पाणीटंचाईच्या मोर्चाला गेलेला असतो. त्याला तसे जावेच लागते, कारण त्याची हद्द शहाड ते दिवा आहे. मी मात्र जाणार नव्हते. मी तिथेच, त्याच दोन खोल्यांत असणार होते, आणि तरीही मी एक दिवस येऊन गेलेल्या माणसासारखे लिहिले.

संस्थांना मदत मिळण्याचा याहून शांत मार्ग असू शकतो हे 'लोकसत्ता'च्या 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमाने दाखवले. २०११ पासून गणेशोत्सवाच्या दिवसांत दहा संस्थांची ओळख छापायची, वाचकांनी संस्थांच्या नावे धनादेश पाठवायचे. तिथे कथानायक संस्था असते. म्हणजे 'संस्था कोण वाचतं' हे आमच्या काकांचे म्हणणे सर्वस्वी खरे नव्हते. पुरेशी जागा दिली आणि हिशेब नीट मांडला तर लोक संस्थाही वाचतात. पण दहा म्हणजे दहाच. दोन खोल्यांची अभ्यासिका त्या रांगेत कुठे उभी राहणार?

ठाण्यात एक वेगळी वाट मी पाहिली. समता विचार प्रसारक संस्था तिथल्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर खूप वर्षे काम करते आहे. दहावी पार केलेल्या मुलांना ती जो पुरस्कार देते त्याचे नाव 'एकलव्य गौरव'. गौरव हा शब्द मुद्दाम आहे; तिथे मदत नाही, वाटप नाही. रत्नाकर मतकरींनी याच संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला तेव्हा वस्तीतली मुलेमुली स्वतःच्याच जगण्यातून नाटिका रचून स्वतः करू लागली. त्यांत दारू होती, मार होता, शाळा सुटणे होते. माझ्या त्या बातमीत होते ते सगळे होते. मी एकदा प्रेक्षकांत बसले होते. रंगमंचावर एका मुलाने झिंगलेल्या बापाची भूमिका केली आणि मागच्या रांगांतून, वस्तीतल्याच लोकांतून, मोठा हशा आला. त्या हसण्यात ओळख होती. आम्ही पुढच्या रांगेतले मात्र हसावे की नाही, या विचारात एकमेकांकडे पाहत होतो.

अठरा वर्षांखालच्या काही मुलांची ओळख माध्यमांत उघड करायला कायद्याने बंदी आहे; २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम. पण ते संरक्षणाची गरज असलेल्या, गुन्ह्यात अडकलेल्या वा बळी ठरलेल्या मुलांसाठी. चांगले गुण मिळवलेल्या मुलीच्या बापाला कोणत्या कलमाखाली झाकणार? तिथे कायदा नाही. तिथे प्रेस नोट लिहिणारी बाई आहे.

तेव्हापासून मी एक करते. नोट पाठवण्याआधी ज्याच्याविषयी आहे त्याला ती वाचून दाखवते, आणि शक्य असेल तर घरच्यांच्या समोर. हे फार उदात्त नाही. वेळखाऊ आहे आणि बाराची वेळ हमखास चुकते. गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला. मी मसुदा वाचला. त्याने 'झोपडपट्टी' काढून चाळीचे नाव घालायला लावले. 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून' या शब्दांवर त्याने विचारले, म्हणजे काय? मी सांगायला लागले आणि मलाच सांगता येईना, ते काढले. त्याची आई आतून म्हणाली, भूमिती त्याला शेजारच्या दादाने शिकवली, त्याचं नाव घाला. घातले. आता मसुद्यात एक मुलगा होता, एक चाळ होती, भूमिती शिकवणारा एक शेजारी होता आणि अभ्यासिकेच्या वेळा होत्या.

स्थानिक पानाचे काम आता एक तरुण बातमीदार पाहते. तिने नोट वाचून फोन केला. "मॅडम, छान आहे, पण यात स्ट्रगल कुठे आहे? वडील काय करतात त्याचे?" मी म्हटले, नोकरी करतात. "कसली?" ते त्यांनी सांगू नका म्हटले आहे, असे मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मुलगी चांगली आहे. तिलाही वर कुणीतरी विचारणारे असणार. "मग थोडक्यात मध्ये घेते," म्हणाली.

चार ओळी आल्या. शेजारच्या दादाचे नाव आले, आडनाव चुकून. त्या आठवड्यात अभ्यासिकेला तीन फोन आले. एक जुन्या देणगीदाराचा, पावती मिळाली नाही म्हणून. एक रद्दीत पुस्तके द्यायची आहेत, कुणी घेऊन जाईल का, असे विचारणारा. तिसरा त्याच चाळीतून होता. बाई विचारत होती, माझा मुलगा नववीत आहे, संध्याकाळी बसायला जागा मिळेल का? जागा आहे, असे सांगितले. भाड्याचे अजून जमायचे आहे.